बगळा मास्तरांचा शांत चेहरा

मुलांच्या पुस्तकांसाठी प्राणी काढणाऱ्या त्या बाईला सगळे ताई म्हणत. प्रकाशनातली माणसं म्हणत, छापखानेवाला म्हणे, आणि जिचा त्या हाकेवर खरा हक्क होता ती धाकटी बहीणही म्हणे. ताईने लग्न केलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. एकीत झोपायचं, दुसरीत काम करायचं, आणि कागद मात्र दोन्हीकडे.

संपादकाने नवं पुस्तक तिच्या हातात ठेवलं तेव्हा तिला आधी हसू आलं.

"तळ्यातली शाळा आहे," संपादक म्हणाला. "बेडकं, मासे, कासवाची पोरं. आणि हेडमास्तर बगळा."

"बेडकांच्या शाळेत बगळा? मग पट दर महिन्याला घटत असेल."

"लेखिकेने त्याला शाकाहारी केलंय हो. तुम्ही फक्त एक सांभाळा. हे मास्तर कधी ओरडत नाहीत. एकदम शांत. मुलांना त्यांच्या जवळ जाऊन बसावंसं वाटलं पाहिजे."

ताईची कामाची रीत ठरलेली होती. आधी जनावर, मग त्याचा माणूस. फोटो बघून काढलेला प्राणी फोटोसारखाच दिसतो, प्राण्यासारखा नाही, असं ती म्हणायची. शहराच्या कडेला वीटभट्टीसाठी माती खणून खणून मोठा खड्डा झाला होता आणि त्यात पाणी साचून तळंच तयार झालं होतं. तिथे एक राखी बगळा येतो हे तिला ठाऊक होतं. घडीचं स्टूल, पाण्याची बाटली आणि चित्रांची वही घेऊन ती रोज सकाळी तिथे जाऊन बसू लागली.

सुरुवातीला तिने नुसत्या रेघा मारल्या. उभं राहणं एका रेघेत, मान दुसऱ्या रेघेत. मानेत एके ठिकाणी हाडाचा असा कोन होता की अख्खी मान घडीच्या चाकूसारखी मिटून बसायची. डोळ्यांचं तर वेगळंच. बगळा समोरून चोच उचलून उभा राहिला की वाटायचं, हा आभाळाकडे बघतोय. पण चोचीच्या खालून दोन्ही डोळे बरोबर पाण्यावर लागलेले असत.

तिला वाटलं होतं, बगळा उभा आहे म्हणजे विसावलेला आहे. काढायला लागल्यावर कळलं, विसावा कुठेच नाही. मांडी, मान, पंखाचे सांधे, सगळं ताणून धरलेलं. मग मध्येच मान सुटायची. मासा पकडलेला कधी दिसायचाच नाही. पाण्यावर वर्तुळं दिसायची आणि बगळा पुन्हा तसाच, जणू काही झालंच नाही.

घरी येऊन तिने मास्तर घडवायला घेतले. पंखांचा कोट झाला, डोक्यामागच्या लांब काळ्या पिसांचे मागे वळवलेले केस झाले, चोचीवर चष्मा बसला. समोरून, बाजूने, पाठीमागून अशी चित्रं झाली. मग चेहऱ्यांचा कागद: आनंदी, चकित, काळजीत, रागावलेला, शांत. रागावलेल्या बगळ्याची पिसं तिने फुलवली आणि चोच उघडी ठेवली. शांत बगळ्याची मान मिटलेली, चोच बंद.

संपादकाने ते कागद टेबलावर मांडले आणि बराच वेळ बघत राहिला.

"काम छानच आहे, ताई. पण हा माझ्याकडे बघून हसतोय तरी मला वाटतंय, माझंच काहीतरी चुकलंय."

"कोट नीट पडलेला नाही," ताई म्हणाली. "आत माणसाचं अंग नाहीये ना. एखादा माणूस उभा करून बघते."

उंच आणि काटकुळा माणूस तिच्या ओळखीत एकच होता, तिचे मेहुणे. धाकटीच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. माणूस असा की गल्लीतल्या म्हाताऱ्या आपल्या मुलांना त्यांचं उदाहरण देत. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. ताईला ते 'अहो ताई' म्हणत, तिच्यासाठी दार धरून उभे राहत, जेवण झालं की आपलं ताट आपण उचलत. "तुझ्या बहिणीने नशीब काढलं गं," असं ताईला कितीतरी जणींनी ऐकवलं होतं, आणि ताईलाही ते पटलेलं होतं.

रविवारी तिघं जेवायला आली. धाकटी, मेहुणे आणि त्यांची दुसरीतली मुलगी, बिट्टी. जेवणं झाल्यावर ताईने विचारलं.

"मी? आणि चित्रात?" मेहुणे मंद हसले. "उभं राहायचंय नुसतं? मग काय अवघड आहे."

ते खिडकीजवळ उभे राहिले. हात पाठीमागे, मान किंचित झुकलेली. ताईने आजवर किती जणांना उभं केलं होतं. माणूस पाच मिनिटांत पाय बदलतो, नाक खाजवतो, पाठ दुखते म्हणून कुरकुरतो. मेहुण्यांनी यातलं काही केलं नाही. एकदा उभे राहिले ते राहिलेच. पेन्सिल सरसर चालली. कोट आपोआप पडला, खांदे बसले, मान बसली. कित्येक दिवस जे जमत नव्हतं ते एका बैठकीत जमलं.

मग तिच्या लक्षात आलं की घरात आवाज नाही.

बिट्टी जमिनीवर लाकडी ठोकळे रचत बसली होती. एक ठोकळा तिने हातात धरला होता, ना खाली ठेवत होती ना वर. स्वयंपाकघरात धाकटी भांडी घासत होती, तिथला नळ बंद झाला होता. ताईने वळून बघितलं तर धाकटी दारात उभी होती. हातांना साबणाचा फेस, आणि नजर नवऱ्याच्या पाठीवर.

"काय गं?" ताईने विचारलं.

"कुठे काय? झालं का तुझं?"

"झालं."

मेहुण्यांनी मान सोडवली आणि ते हसले. त्यासरशी बिट्टीने ठोकळा अलगद खाली ठेवला, नळ पुन्हा सुरू झाला. ताईला वाटलं, आपल्याला उगीच भास होतो. दिवसभर चेहरे बघणाऱ्या माणसाला नाही ते दिसायला लागतं.

पुढच्या आठवड्यात धाकटी बिट्टीला घेऊन आली. मनगटाला पट्टी होती. न्हाणीघरात पाय घसरला म्हणाली.

"दोन दिवस हिला ठेवून घे. हात दुखतोय, हिचं करायला जमत नाही."

"अगं, तूही राहा की."

"नको. त्यांचं जेवण असतं." आणि ती उभ्या उभ्याच परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मास्तरांना रंग देत होती. भिंतीवर सगळे कागद टाचलेले होते. बिट्टी दूध पीत पीत एकेक चित्र बघत फिरत होती. चेहऱ्यांच्या कागदापाशी ती थांबली. तिला आता अक्षरं लावून वाचता येत होतं. चेहऱ्यांखाली ताईने लिहिलेले शब्द तिने बोट ठेवून वाचले.

"मावशी, तुझं चुकलंय."

"काय चुकलं बाई?"

"तू इथे रागावलेला लिहिलंस. हा नाही रागावलेला. याची तर चोच उघडी आहे." तिने बोट सरकवलं आणि शेवटच्या चेहऱ्यावर आणलं. शांत. "हा रागावलाय."

ताईने ब्रश पाण्यात बुडवला. "तुला कसं कळलं?"

"बाबा असे झाले की मी कपाटात जाते."

"कपाटात? कशाला?"

"आई सांगते. आवाज करायचा नाही. खोकला आला तर उशीत खोकायचं." मोठी माणसं पत्ता सांगतात तितक्या सरळपणे बिट्टी सांगत होती. "मग आई येऊन उघडते. कधी लवकर येते, कधी मला झोप लागते."

तिने पोरीला जवळ ओढलं. भिंतीवरच्या त्या कागदाकडे तिला बघवेना. आवाज न चढवणारा, मंद हसणारा, जेवल्यावर आपलं ताट उचलणारा माणूस. त्याला आपणच खिडकीत उभा केला, आणि तो किती छान उभा राहतो म्हणून खूश झालो. आजवर ती त्याच्याविषयी बोलताना 'ते' म्हणायची. त्या सकाळपासून 'तो' झाला, तो कायमचा.

तिने धाकटीला फोन लावला. धाकटीच्या बोलण्यात सगळं ठीक होतं. इतकं ठीक की मध्ये मध्ये ती थांबत होती आणि तिच्या मागून कुणाच्या श्वासाचा आवाज येत होता. "ताईचाच फोन आहे, बिट्टी जेवली म्हणून सांगतेय," असं ती फोनमध्ये नाही, बाजूला कुणाला तरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेल्याची खात्री होईपर्यंत ताई थांबली. बिट्टीला खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे सोपवलं. "मी स्वतः आल्याशिवाय कुणाच्याही हाती द्यायची नाही. तिच्या बापाच्यासुद्धा," ती म्हणाली. शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून तिच्याकडे नीट बघितलं, आणि काही न विचारता दाराला आतून कडी घातली.

धाकटीच्या घरी ताई वर्षानुवर्षं येत होती. आज तिने ते घर चित्र काढायला बसल्यासारखं बघितलं. खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे तुकडे चिकटवलेले होते. दारांच्या बिजागऱ्या तेलाने चकचकत होत्या. कुकर फळीवर अगदी वर, फडक्यात गुंडाळलेला, कारण कुकर शिट्टी करतो. धाकटीने चहाचा कप टेबलावर ठेवला तेव्हा खाली आधी करंगळी ठेवली आणि मग कप, टक् होऊ नये म्हणून. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरीही.

ताई उठली आणि आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. टांगलेल्या साड्यांच्या खाली एक छोटी उशी होती, पाण्याची बाटली होती, आणि चित्रं रंगवायचे खडू.

"हे काय आहे?"

धाकटीने वाकून उशी सारखी केली. मग म्हणाली, "खडू अंधारात दिसत नाहीत. पण हातात असले की तिला बरं वाटतं."

"किती वर्षं चाललंय हे?"

"रोज नाही गं मारत."

"मी ते विचारलं का?"

"ताई, कुणाला सांगू? कुणाला खरं वाटेल? ओरडत नाही, पीत नाही. घरी येतो आणि उभा राहतो. काय चुकलंय ते सांगत नाही. आपणच शोधायचं. मीठ, टॉवेल, चप्पल, काहीही असेल. सापडलं नाही तर…" तिने पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. "ते उभं राहणंच सोसवत नाही. कधी कधी वाटतं, एकदाचा मारून टाक आणि मोकळा हो."

"ऊठ. पिशवी भर."

धाकटी उठली नाही. ताईनेच तिचे दोन कपडे आणि बिट्टीचं दप्तर पिशवीत कोंबलं. कागद कुठे असतात, औषधं कुठे असतात, विचारत राहिली. धाकटी बसल्या जागेवरून हळूहळू उत्तरं द्यायला लागली. तेवढ्यात ती मध्येच थांबली आणि तिचं तोंड पांढरं पडलं.

ताईने काहीच ऐकलं नव्हतं. दार उघडल्याचा आवाज झालाच नव्हता. तो बाहेरच्या खोलीत उभा होता, हातात दुकानाची पिशवी.

"अहो ताई, तुम्ही? बसा ना." त्याने दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. "बिट्टी कुठंय?"

"माझ्याकडे."

"घरी कोण आहे तिच्याजवळ?"

त्याने मान किंचित झुकवली आणि हात पाठीमागे घेतले. बस, तेवढंच केलं. धाकटी आपोआप भिंतीला टेकली. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, पण त्यालाही आवाज नव्हता. ताईला एरवी कुणापुढे दबायची सवय नाही, तरी तिनेही हातातली पिशवी अलगद, आवाज न करता खाली ठेवली. आपलं काय चुकलं, असा विचार खरोखर तिच्या मनात येऊन गेला. पिशवी विचारायच्या आधी भरली, ते चुकलं का? मग या विचाराचीच तिला चीड आली.

"मला पाणी पाहिजे," ती म्हणाली.

"नंतर."

"मी घेते." ती स्वयंपाकघराकडे वळली. त्याच क्षणी मागे धाकटीच्या तोंडून बारीक आवाज फुटला. ताईने मागे बघितलं. त्याला हललेलं तिने पाहिलंच नव्हतं, आणि त्याच्या हातात धाकटीचं पट्टीचं मनगट होतं. चेहरा तसाच. शांत.

ताईला त्या वेळी बगळा आठवला नाही, तळं आठवलं नाही. ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली, खाली अंगणात कुणाच्या डोक्यावर पडायला नको म्हणून "बाजूला व्हा!" असं बेंबीच्या देठापासून ओरडली, आणि फळीवरचा कुकर उचलून बाहेर फेकला. मग झाकण. मग पातेली, ताटं, डबे, हाताला येईल ते. लोखंडी तवा फरशीवर पडला तेव्हा सगळी इमारत दणाणली. कुत्री भुंकायला लागली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी शिव्या घातल्या. खालून चौकीदार ओरडला, "कोण आहे? काय झालं?"

"वर या!" ताई ओरडली. "दाराला आतून कुलूप लावलंय! आम्हाला बाहेर यायचंय! वर या सगळे!"

ती ओरडतच राहिली. जिन्यात पावलं वाजायला लागली, दारावर थापा पडल्या. तेव्हा कुठे त्याने धाकटीचा हात सोडला, केसांवरून हात फिरवला आणि दार उघडलं.

"माफ करा हं," तो जमलेल्या लोकांना म्हणाला. "ताईंची तब्येत जरा बरी नाही. मी औषध देतो."

लोकांनी ताईकडे बघितलं. तिचे केस सुटले होते, गळा बसला होता, हातात अजून एक डाव होता. त्यांच्या नजरेत तिला दिसलं की त्यांना त्याचंच खरं वाटतंय. तिने डाव खाली टाकला, धाकटीचा चांगला हात धरला आणि दोघी त्या गर्दीतून जिना उतरल्या. धाकटी अनवाणीच होती. अंगणात कुकर चेपून पडला होता. चौकीदाराने बाजूला होऊन वाट दिली आणि हळूच म्हणाला, "जावा ताई. मागे बघू नका."

पुढचं सगळं असल्या गोष्टींत होतं तसंच झालं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. लिहिणारा पोलीस त्याच्याच दुकानातून आपल्या आईची औषधं नेत होता, त्यामुळे त्याने दोनदा विचारलं, "तेच का हो? नक्की?" कोर्टाने त्याला जवळ यायला मनाई केली. नात्यातल्या बायका येऊन धाकटीला समजावून गेल्या. त्यातल्या एकीने जाता जाता तिच्या मनगटावरून हात फिरवला आणि आपलंही काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण सांगितलं नाही.

ताईने भिंतीवरचे कागद काढले आणि पुस्तक सोडलं. संपादक चिडला. "अहो, आता तर जमलं होतं!" तो म्हणाला. ते काम दुसऱ्या चित्रकाराकडे गेलं. त्याने इतका गोलमटोल बगळा काढला की त्याला कुणीही बदक समजावं. पुस्तक झकास खपलं.

धाकटी आणि बिट्टी आता ताईकडेच राहत होत्या, आणि तो घरासमोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहू लागला. कोर्टाने जेवढं अंतर सांगितलं होतं तेवढं बरोबर ठेवून. सकाळी तिथलं दुकान उघडायच्या आधी, त्याच्या बंद शटरसमोर, हात पाठीमागे. वर बघायचा नाही. पोलीस म्हणाले, रस्त्यावर उभं राहणं गुन्हा नाही. धाकटीने पडदे शिवले. ताई रोज पडदा बोटभर सरकवून बघायची आणि "आहे," एवढंच म्हणायची. मग त्या मागच्या जिन्याने बिट्टीला शाळेत सोडायच्या.

एका सकाळी ताईने पडदा सरकवला आणि तिला शटर दिसलं. नुसतं शटर. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बिट्टीला शाळेत सोडून आल्यावर धाकटी खिडकीत स्वतः येऊन उभी राहिली.

"नाहीये?"

"नाही."

"दिसत होता तोवर निदान कुठे आहे ते तरी कळत होतं," धाकटी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि पायात चपला सरकवल्या. शाळा सुटायला अजून अवकाश होता. तरी दोघी जवळजवळ धावतच गेल्या. बिट्टी वर्गात होती. दाराच्या काचेतून तिची वेणी दिसली तेव्हा कुठे दोघी थांबल्या, आणि तशाच धापा टाकत ऑफिसात गेल्या.

ऑफिसातल्या बाईंनी त्यांना पाणी दिलं. "घाबरलात कशाला एवढ्या? आत्ताच तिचे बाबा येऊन गेले. किती अदबीने बोलतात हो! वेळापत्रक घेऊन गेले. मधली सुट्टी कधी, शनिवारी शाळा कितीला सुटते, मागचं फाटक कधी उघडतं, सगळं नीट लिहून नेलं. इतकी काळजी असणारे बाप कमी दिसतात."

ताईने तोंड उघडलं. आजवर पोलिसांना, वकिलाला, नातेवाइकांना, सगळ्यांना तिनेच सांगितलं होतं. पण धाकटीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब, ताई." तिने पाण्याचा पेला टेबलावर ठेवला, तो चांगला वाजला. "बाई, दार लावून घ्या. मला तुम्हाला काही सांगायचंय. सगळं ऐकून होईपर्यंत तुम्ही काही बोलू नका."

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी उठून दार लावलं. खिडकीबाहेर मैदान मोकळं होतं आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला मागचं फाटक होतं. ताई खुर्ची वळवून फाटकाकडे तोंड करून बसली, आणि धाकटी पहिल्यापासून सांगू लागली.